बॅगेत न मावलेला कोट

"तो कोट अंगात घाला, म्हणजे बॅगेचं वजन उतरेल," मागून कुणीतरी म्हणालं.

विमानतळावरच्या वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, खांद्याला एकच छोटी बॅग आणि चेहऱ्यावर नको तेवढा निवांतपणा. इथे तिचा जीव टांगणीला लागला होता! नाटकाचे कपडे शिवणं हा तिचा धंदा. संध्याकाळी परगावी पहिला प्रयोग, राजाचा भरजरी कोट तिच्याजवळ, आणि एकटीच्या जबाबदारीवर मिळालेलं हे पहिलंच काम. कोट पोचला नाही तर पुन्हा कोण बोलावणार? हातातली बॅग जड भरली होती आणि मोठं सामान घेणारी खिडकी बंद झाली होती.

"अंगात राणीचा झगा आहे, वर दोन स्वेटर," ती वैतागून म्हणाली. "आणखी काही चढवलं तर मला ढकलत न्यावं लागेल."

"ढकलेन की."

"अनोळखी बायकांना फार मदत करता हो तुम्ही..."

"लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्यांना बाहेर काढायची सवय आहे." त्यानं बॅगेकडे बोट केलं. "बघू?"

तिनं बॅग पुढे केली. त्यानं घड्या मोडून कपडे घट्ट गुंडाळले, बुटांत मोजे कोंबले. मग तो थबकला.

"इस्त्री? तिथे इस्त्री नसेल?"

"माझ्या हाताची नसेल."

तो हसला. इस्त्री बॅगेतच राहिली, कोट मात्र त्यानं स्वतःच्या अंगात चढवला. तो असा चपखल बसला की तिची नजर खांद्यांवरून हलेना. माप घेणारीची नजर आहे, दुसरं काही नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

काट्यावर बॅगेचं वजन बसलं. पण तपासणीत कोट यंत्रातून गेला आणि पडद्यासमोरची अधिकारी ताठ बसली. अस्तरात, बाह्यांत, घेरात टाचण्याच टाचण्या. रात्री घाईघाईत टाचलेलं काढायचं ती साफ विसरली होती.

"कोट कुणाचा?"

"मा—" त्यानं तोंड उघडलं.

"माझा," ती पटकन म्हणाली. "चूक माझी आहे. यांचा काही संबंध नाही."

"सगळ्या काढा. एक जरी राहिली, तरी कोट इथेच राहील."

ती खाली बसली. तोही शेजारी बसला. घाईत बोटांना टाचण्या टोचत होत्या. तेवढ्यात भोंग्यावर शेवटची हाक झाली... तिच्या नाही, त्याच्या विमानाची.

"जा ना तुम्ही," ती कळवळून म्हणाली.

"डावी बाही राहिलीये अजून."

तो मान खाली घालून टाचण्या काढत राहिला. तिला रडू यायला लागलं, आणि ते कोटासाठी नव्हतं हे तिला कळत होतं. कोट पुन्हा यंत्रातून गेला. अधिकारी बाईंनी मान डोलावली, तेव्हा त्याचं विमान गेलं होतं आणि तिच्या विमानाची शेवटची हाक सुरू झाली होती.

"माझ्यामुळे तुमचं..."

"तुमच्यामुळेच." त्यानं कोट तिच्या हातांवर ठेवला. आता तो निवांत दिसत नव्हता. "तुम्ही मला आवडलात. जरा थांबून सांगितलं असतं — पण तुम्ही चाललात."

ती पळत सुटली. दाराशी पोचली, वळली, आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"पुढच्या विमानानं प्रयोगाच्या गावी या. मी पडद्याआड असेन... पण नाटक नाही बघणार, तुम्हाला बघेन."