मिस ओडेसाचं उघडं दार

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्यासोबत घडलंय. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये, याच मे महिन्यात, भर दिवसा चार वाजता.

मी इथली गाईड. कला महोत्सवाला येणाऱ्यांना जुनी घरं दाखवते. आमच्या घरांचं रस्त्यावरचं दार थेट व्हरांड्यात उघडतं. ते उघडं असेल तर कुणीही आत यावं. बंद असेल तर ठोठावायचंसुद्धा नाही.

मिस ओडेसाचं दार रोज उघडं असायचं. म्हातारी एकटी. झुलत्या खुर्चीतून हाक मारायची, "लेनोर, बर्फ घालून गार चहा करून ठेवलाय. ये की."

"उद्या नक्की, मिस ओडेसा."

"तुझा उद्या कधी उजाडतो गं?"

मी हसून पुढे जायचे. नऊ वर्षं. एकदाही आत गेले नाही.

फेब्रुवारीत ती गेली. भाच्याने सामान नेलं, खुर्चीही नेली. दाराला कुलूप लागलं.

त्या दुपारी माझ्यासोबत अकरा जण होते. तिच्या घराजवळ आल्यावर, मागे न बघताच, सवयीने बोलून गेले, "दार उघडं असलं की खुशाल आत जावं."

पुढच्या चौकात माणसं मोजली...

दहा.

हार्लन नावाचे आजोबा मागे राहिले होते. थोड्या वेळाने सावकाश चालत आले. त्यांचा उजवा हात ओला होता... गार पेला धरल्यासारखा.

"तुम्हीच म्हणालात ना, खुशाल जा," ते म्हणाले. "भली बाई आहे. चहा दिला. विचारत होती, लेनोर आज येणार, की उद्याच?"

मी धावत मागे गेले.

दाराला कुलूप होतं. गंजलेलं.

आणि आतून...

कर्र... कर्र...

खुर्ची झुलत होती.

खरं सांगते, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. मीही एकटीच राहते. माझ्याकडे कुणी येत नाही, म्हणून माझं दार मी कायम बंद ठेवते.

काल चार वाजता घरी आले...

माझं दार सताड उघडं होतं.

व्हरांड्यात दोन पेले मांडलेले. कर्र... कर्र... माझ्याकडे झुलती खुर्ची नाही.

रस्त्यावरूनच कसंबसं म्हणाले, "उद्या नक्की, मिस ओडेसा."

आवाज थांबला. रात्र मी बहिणीकडे काढली.

आता घरासमोर उभी राहून हे लिहितेय. दार उघडंच आहे. चारला दहा मिनिटं कमी आहेत.