तसेच ठेवा

बाईंच्या तावडीतून एखादी चूक सुटली, असं त्या प्रकाशन संस्थेत कुणी कधी ऐकलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या प्रूफं तपासत होत्या. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की दुकानाची पाटी, त्यांचं लाल पेन आधी पुढे यायचं. शेजारच्या टेबलावर मजकूर टाइप करणारा ऑपरेटर म्हणायचा, "बाईंना यमाचं बोलावणं आलं ना, तरी आधी त्यातल्या वेलांट्या तपासतील." बाई हसायच्या नाहीत, पण रागवायच्याही नाहीत. तो खरं तेच बोलत होता.

एका दुपारी एक लेखक त्यांना भेटायला आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांच्या कादंबरीत वसतिगृहात ठेवलेली एक मुलगी बापाला पत्रं लिहिते, आणि त्या पत्रांत जागोजागी अशुद्ध शब्द होते. ते लेखकांनी मुद्दाम घातले होते.

"अकरा पत्रं आहेत," ते म्हणाले. "त्यांतली एकही चूक दुरुस्त करू नका. बारा वर्षांची पोर आहे हो. शुद्ध लिहायला लागली तर मरेल ती."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण पुस्तकात लेखकाचा शब्द शेवटचा. एखादी गोष्ट आहे तशी राहू द्यायची असली, की तिच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'तसेच ठेवा'. बाईंनी नाक मुरडत अकराही पत्रांना टिंबं दिली. हा शेरा त्यांनी आख्ख्या नोकरीत चार-पाच वेळाही लिहिला नसेल.

दुसरं प्रूफ आलं तेव्हा पत्रांतल्या चुका वाढल्या होत्या. वाढलेल्या सगळ्या एकाच जातीच्या. काना गळालेला. पावसाचा 'पऊस' झालेला, शाळेची 'शळा'. बाईंनी लेखकाचं हस्तलिखित काढून पाहिलं. त्यात हे शब्द धडधडीत बरोबर होते.

"मी नाही केलं," ऑपरेटर म्हणाला. "काने खाऊन माझं पोट भरणार आहे का?"

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. 'माझं'च्या जागी 'तुझं' घातलं, तर हे वाक्य त्यांचंच होतं. फार वर्षांपूर्वी त्या हे एकाच माणसाला म्हणायच्या.

बाईंना एक धाकटी बहीण होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा बाईंनीच तिला वाढवलं आणि नोकरी लागल्यावर वसतिगृहात ठेवलं. ही पोर काने खायची. 'ताई' लिहितानासुद्धा 'तई' लिहायची. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. बाई ते लाल शाईने तपासायच्या, खाली 'पुन्हा लिहून पाठव' असं लिहायच्या आणि तेच पत्र पाकिटात घालून परत पाठवायच्या. तिच्याच भल्यासाठी. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं, की ताप आहे, मला घरी ने. त्या पत्रात नऊ चुका होत्या. बाईंनी नऊही दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं. आठव्या दिवशी वसतिगृहातून निरोप आला. तिच्या सामानात ते पत्र काही सापडलं नाही. याला तीस वर्षं झाली, पण बाई हे कुणापाशी बोलल्या नव्हत्या. बोलणार कोणत्या तोंडाने?

वाढलेल्या चुका त्यांनी दुरुस्त करून दिल्या आणि तिसऱ्या प्रुफाची वाट पाहू लागल्या. ते आलं भर दुपारी, लख्ख उजेडात. पंखा कुरकुरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करायची खटपट करत होतं. पानं उलटता उलटता बाईंना एक वास आला. तापाने पडून असलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो, तसला कोंदट, आंबूस. त्यांनी खिडकी उघडली. वास गेला नाही. उलट पुढच्या पानावर तो जास्तच यायला लागला.

त्या पानावर बारावं पत्र होतं.

'तई, मल बरं नही. अंगत तप आहे. रत्री कुणी जवळ नसतं. मल घरी ने. आजपसून नीट लिहीन. वट बघते.'

बाईंनी चुका मोजल्या. नऊ भरल्या.

"बाई..." ऑपरेटर त्यांच्या मागे येऊन उभा होता. त्याचा आवाज खाली आला होता. "हे पान मी टाकलेलं नाही. फायलीत नाहीच ते. मी दोनदा बघितलं..."

बाईंनी लेखकांना फोन लावला. "बारावं?" ते म्हणाले. "छे हो. अकराच आहेत. आणि माझी मुलगी बापाला लिहिते, ताईला नाही."

"काढून टाकतो मी," ऑपरेटर म्हणाला. "चारला छापखान्याचा माणूस येईल."

"थांब जरा."

"बाई, दुसऱ्याच्या पुस्तकात पान घुसवलं तर मालक दोघांनाही घरी बसवतील."

बाईंना ते कळत होतं. पण पान काढायचं म्हणजे पत्र पुन्हा परत पाठवायचं. त्यांना रडू फुटलं. एकतीस वर्षांत ऑपरेटरने काय, कुणीच त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, शिसपेन्सिल घेतली आणि पत्राच्या प्रत्येक ओळीखाली टिंबं दिली. समासात लिहिलं, 'तसेच ठेवा'. त्याच्याखाली, तीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते लिहिलं. 'मी न्यायला येते. आवरून बस.'

वास तेवढ्यात गेला. चारला छापखान्याचा माणूस आला आणि त्या पानासकट प्रूफं घेऊन गेला.

महिन्याभराने पुस्तक छापून आलं. पत्रं अकराच होती. चुका लेखकांनी घातल्या होत्या तेवढ्याच. लेखक खूश झाले, मालकांनी पेढ्याऐवजी कोरडी शाबासकी दिली. ऑपरेटरने त्या पानाचा विषय काढला नाही, बाईंनीही नाही. आपल्याला भास झाला असं म्हणावं, तर दोघांना एकच भास कसा होईल?

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या, तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं एक पाकीट पडलं होतं. वर पत्ता त्यांच्याच अक्षरात होता. वसतिगृहाला पाकिटं पाठवायच्या तेव्हाचं, तरुणपणातलं टपोरं अक्षर. पत्ता मात्र या घराचा होता, आणि या घरात त्या गेल्याच वर्षी राहायला आल्या होत्या.

आत प्रुफाचं ते पान होतं. छापलेलं पत्र त्यावरून पुसलं गेलं होतं. राहिली होती ती फक्त बाईंची पेन्सिलीतली ओळ, आणि ती कुणीतरी लाल शाईने तपासली होती. 'न्यायला' हा शब्द खोडून वर लहान मुलाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'रहयला'.

मी रहयला येते.

पुढच्या 'आवरून बस'ला हात लावलेला नव्हता. त्याच्यासमोर बरोबरची छोटीशी खूण होती.

सवयीने बाईंनी लाल पेन उघडलं. दोन काने राहिले होते. मग त्यांना ऑपरेटरचं ते यमाच्या बोलावण्याचं बोलणं आठवलं, आणि हात आपोआप खाली आला. त्यांनी पेन्सिल शोधली, त्या शब्दाखाली टिंबं दिली आणि शेजारी लिहिलं, 'तसेच ठेवा'.

मग त्या उठल्या आणि आवरायला लागल्या. त्या पानावरून बोटाला लागलेली लाल शाई अजून ओलीच होती.