आर्विडचं काचेतलं डोकं

मासळी खाऊन झाली ना? मग काचेच्या भट्टीजवळ सरकून बसा. तुवा पोरी, दार लाव आधी, वारा येतोय. आणि मध्ये खिदळायचं नाही, सांगून ठेवतो. ही काचेवर कोरीवकाम करणाऱ्या आपल्या सोल्वेगची गोष्ट आहे. ह्याच बाकावर बसून तिनं मला स्वतः सांगितली.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात कबरींवर दिवे लावतो, ती शनिवारची रात्र. सोल्वेगनं धाकट्या भावाच्या, आर्विडच्या कबरीवर दिवा लावला. त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. मग ती गावाबाहेरच्या रस्त्यानं जुन्या काचकारखान्याकडे निघाली. काम साधंच होतं. तिथल्या दालनात तिचं काचकाम मांडलेलं होतं, आणि ते घ्यायला सकाळी संग्रहालयाची माणसं येणार होती. त्याआधी काचा पुसून ठेवायच्या, बस्स.

ते काम तुम्ही पाहिलं नाहीत. आर्विडच्या डोक्यात गाठ निघाली तेव्हा इस्पितळात त्याचे एमआरआय काढले. पावाच्या कापांसारखे, एकेका थराचे फोटो. सोल्वेगनं प्रत्येक फोटोची एक काच कोरली. सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या, खालून दिवा लावला की हवेत आख्खं डोकं दिसायचं. नाकासकट आर्विड!

फोटो त्यानंच दिले होते. लाकडाचा ट्रक चालवणारा गडी, जिभेला हाड म्हणून नाही. म्हणाला, "घे ताई. शाळेत मास्तर म्हणायचे, ह्याचं डोकं रिकामं आहे. निघालं की नाही काहीतरी?" मग हसायचा थांबला. "फक्त ती गाठ त्यात नको. तेवढं सोड. ती मी नव्हे."

"शप्पथ," सोल्वेग म्हणाली.

तिनं तेवढी जागा कोरी सोडून आख्खं डोकं केलं. संग्रहालयाच्या बाई बघायला आल्या. म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण कुणाचंही वाटतं." झालं! सोल्वेगनं शब्द फिरवला. गाठ कोरली, वर लाल रंग भरला. आणि खरं सांगू, सगळ्यात देखणी तीच झाली. लोक तिच्यापुढेच थबकायचे. उद्घाटनाला आर्विडला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. "माझ्यापेक्षा हिच्यावरच जास्त जीव ओतलास की गं," एवढंच बोलला. त्यानंतर मरेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. मला अजून तिचा राग येतो. कीवही येते.

तर त्या रात्री तिनं दालनाचं कुलूप काढलं. आत दिवा लागलेला होता. काचांखालचा. कुणी बंद करायला विसरलं असेल, असं म्हणून तिनं फडकं ओलं केलं.

तेवढ्यात वास आला. ताज्या कापलेल्या पाइनचा. आर्विडच्या जॅकेटला यायचा तो.

ती जागीच थांबली.

गाठ असलेल्या काचांपैकी सगळ्यात मागच्या काचेवरचा लाल रंग गेला. विझला म्हणा. मग त्याच्या पुढच्या काचेवरचा... मग त्याच्या पुढच्या... एकेक करत, तिच्या दिशेनं.

"आर्विड?"

...

"आर्विड, मी पुसते. मीच पुसते रे, थांब ना..."

लाल जात राहिला. शेवटी त्यातली सगळ्यात पुढची काच उरली. सोल्वेगनं ती दोन्ही हातांनी धरली. पुसायला धरली की वाचवायला... ते ती अजून मला सांगत नाही.

हातातल्या हातात लाल गेला.

मग दिवाही गेला.

सकाळी संग्रहालयाच्या बाई आल्या आणि भडकल्याच. "तुम्ही काचा बदलल्यात! आम्हाला हे नकोय!" सोल्वेगनं वाकून पाहिलं. गाठीच्या जागी मेंदूच्या बारीक रेघा होत्या. वळणावळणाच्या, एखाद्या धडधाकट माणसाच्या असाव्यात तशा. बाई रिकाम्या हातानं परत गेल्या. सोल्वेगनं त्यानंतर काच कोरायच्या चाकाला हात लावलेला नाही. मला म्हणाली, "काचेत बरा झाला बघ तो, बर्टिल. माझ्याविना."

काय रे, काय पुटपुटलास? तिनंच रात्री गुपचूप कोरलं असेल? मीही तिला तेच म्हणालो होतो. तेव्हा तिनं ती पुढची काच माझ्या हातात ठेवली, आणि परत न्यायला आलीच नाही. ही बघा. घे तुवा, धर. भितेस कसली! तू कोरायला शिकतेस ना? कोरलेली रेघ नखाला लागते, माहितीय तुला. कपाळापाशी बोट फिरव. लागतेय? शाबास. आता गाठीच्या जागेवरून फिरव.

...

मागच्या बाजूनंही फिरव.

...

गुळगुळीत आहे ना, दोन्हीकडून? आणि रेघा तर काचेच्या आत दिसतायत.