पट्टा धरणारा

पाय आत घ्या रे पोरांनो. कठड्यावर बसून ही गोष्ट ऐकायची नाही.

आपला वायरमन. सगळं त्याच्याच तोंडून ऐकलंय. गेल्या अमावस्येला, शनिवारी, तो स्टॉपवॉचचा सेल आणायला बाहेर पडला. त्याला एक खूळ होतं. लष्कराने नवा उपग्रह सोडला की त्याची वाट कुणी सांगत नाही, मग असले हौशी लोक गच्चीवरून तो शोधतात. ठिपका ताऱ्याजवळून गेला की घड्याळ दाबायचं, वेळ एकमेकांना कळवायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच!

काम दोघांचं. एकाने दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्याने मागून त्याचा पट्टा धरायचा. खांबावर चढताना वायरमन कमरेला बांधतात तो, वीतभर रुंद, चामडी. कारण डोळे आभाळात गेले की पाय कुठे चाललेत ते कळत नाही. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, बघायचा; वायरमन धरायचा. गेल्या वर्षी ठिपका भलताच तेजस्वी निघाला. वायरमनला राहवलं नाही. त्याने दुर्बिणीसाठी हात पुढे केला... पट्टा सुटला. मेहुणा तीन मजले खाली, फाटकाच्या सळयांवर. एक सळई गळ्यातून, एक तळहातातून आरपार. वायरमनच्या बायकोनेच भावाला सोडवून काढलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काहींची मेल्यावरही जात नाही.

तर त्या शनिवारी, आठ वाजून दहा मिनिटांनी, वायरमन एकटाच गच्चीवर. पट्टा कमरेला, सवयीने. ठिपका निघाला. तो वर बघत कठड्याकडे सरकला. एक पाऊल... आणखी एक...

मागून कुणीतरी पट्टा धरला.

त्याला हायसं वाटलं. बायकोचा राग गेला म्हणायचा. "आलीस?"

...

पट्टा आवळला. श्वास कोंडला. मग हिसका. तोंड कठड्यावर. दात तुटले. पुन्हा. पुन्हा. त्याने दुर्बीण मागे हाणली. काहीतरी फुटलं... ओलं. त्याचा हात पिरगळला गेला. कडकन मोडला.

"सोड! सोड रे मला!"

कानाशी घोगरा आवाज. "सोडू?"

पायाखाली गच्ची नव्हती. खाली फाटक.

"नको... धर! धर रे..."

...

बायको धावत वर आली तेव्हा तो गच्चीच्या मधोमध पडला होता. दुसरं कुणी नव्हतं. तिने त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, उजेडात धरला. वर्षाने पहिल्यांदा बोलली.

"कुणी धरलं होतं तुम्हाला?"

तो पट्टा मी बघितलाय. मागे रक्ताचा पंजा उठलाय, घासून जात नाही. पाचही बोटं आहेत. तळहाताच्या मधोमध मात्र सळईएवढी जागा... कोरी.