देवदाराचं पोकळ बी

उकिरड्याच्या काठावर कुणाचं प्रेम जुळतं का? धुरपताचं जुळलं. आष्टीच्या बाजाराचा दिवस, घरी चिटपाखरू नाही, आणि शेणखत मागायला आलेला जंगलखात्याचा नवा बाबू पाय घसरून गुडघाभर रुतला. तिनं हात दिला. तो सोडायला मात्र दोघांनाही जरा उशीरच झाला...

त्याचं नाव कवडू. शेजारच्या सरकारी रोपवाटिकेत तो हिमालयातून आलेलं देवदाराचं बी लावून पाहत होता. आष्टीच्या उन्हात देवदार! पण वरचा हुकूम. बी रुजलं नाही तर रोपवाटिकेला कुलूप आणि कवडूची बदली थेट चांद्याला. पहिल्या वाफ्यात एकही कोंब आला नाही, तेव्हापासून धुरपताच्या घशाखाली भाकर उतरेना.

शेवटी एका दुपारी कवडू जेवायला गेला, तशी ती रोपवाटिकेच्या छपरीत शिरली. उरलेलं सगळं बी तिनं सुपात घेऊन शेण-राखेत घोळलं. पेरणीआधी सरकी घोळतात, अगदी तसंच.

कवडू परतला आणि दारातच खिळला.

"धुरपता! हे काय करून राह्यली वं?"

"बी घोळून राह्यली. दिसत नाई?"

"अवं, हे देवदार हाय! सरकी नाई!"

तेवढ्यात सुपातलं एक बी हललं. शेणाचा पापुद्रा फुटला, गोल भोक पडलं आणि आतून बारीक पिवळी माशी बाहेर आली. मागं लांब सुईसारखी शेपटी! धुरपता किंचाळली. सूप उडालं. कवडूचीही बोबडी वळली.

"मी... मी काई नाई केलं!" धुरपता म्हणाली.

कवडूनं चाकूनं एक बी चिरलं. गराचा पत्ता नाही, नुसती पांढरी अळी. दुसरं, तिसरं... तेच!

"गांधीलमाशीची जात हाय," तो कसाबसा म्हणाला. "कॉलेजात वाचलं होतं, पाह्यलं आज. झाडावर फळ हिरवं असतानाच सुई खुपसून बियात अंडं घालते. अळी गर खाते, वरून बी धडधाकट!"

"अन् तिचा नर?"

"नरावाचूनही अंडी घालते ती."

"अवं माय!" धुरपतानं गालावर हात ठेवला. "बरं हाय तिचं. बदली होनाऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसा लागत नाई."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कवडू बघतच राहिला.

"म्हनून... म्हनून घोळलं बी?"

"उगवलं असतं तर तुमी राह्यले असते." तिचे डोळे भरून आले. "आता काय उगवते कप्पाळ!"

"आता तर रोपवाटिका बंद करताच येत नाई. काई अळ्या दोन-दोन साल बियात निजून राह्यतात. त्या बाहेर सुटू नये म्हनून शेवटची माशी निघेस्तोवर कोनीतरी राखन करा लागते. तसं सांगतो वर."

"अन् वरचे नाई म्हनले तर?"

"तर चांद्याले जाऊ..." कवडू अडखळला. "दोघं."

धुरपतानं आ वासला. आत्तापर्यंतचे सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे! मग ती हळूच म्हणाली, "बाबाले आजच विचारा. उद्यापर्यंत मले धीर निघनार नाई."

कवडूनं घाईघाईत टोपी उलटी घातली आणि तिच्या घराची वाट धरली.