पातेल्यातला चौथा सूर

हे रात्री घडलेलं नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात विष्णुपुरीत भर दुपारी लाइट गेल्यावर नुसतं बसून बघावं. पंखा थांबतो. कुत्रीसुद्धा गप्प होतात. मग जे ऐकू येतं, ते नाही म्हणून चालत नाही.

जिच्यासोबत हे घडलं, ती विशाखा आजही त्याच घरात राहते. खोटं रचायला तिला वेळ नाही. कडेवर अकरा महिन्यांचं लेकरू आहे.

नवरा किनवटला नोकरीला, शनिवारी यायचा. एरवी घरात ती, बाळ शिवांश आणि नातवाला सांभाळायला मुखेडकडून आलेली सासू, सरजाबाई. विशाखा तिला आत्या म्हणायची.

आणि एक जुना टेपरेकॉर्डर होता. विशाखाच्या धाकट्या भावाचा, आनंदराजचा.

आनंदराजला एका मालिकेचं वेड होतं. ताऱ्यांमधून भटकणाऱ्या जहाजाची परदेशी मालिका, हिंदीत बोलणारी. वर्षानुवर्षं चाललेली. त्यातली माणसं म्हातारी झाली, नवी आली, जहाज काही घरी पोचलं नाही. बाकीची पोरं जहाजं आणि बंदुका बघायची. हा टीव्हीसमोर मांडी घालायचा आणि डोळे मिटायचा.

"ताई, तारे बघू नको. ऐक."

त्यानंच तिला ऐकायला शिकवलं. जहाज निघालं की तीन सूर वाजतात. पहिला खोल, विहिरीच्या पाण्याला बादली टेकावी तसा. दुसरा त्याच्याहून वर. तिसरा इतका लांब की आपलाच श्वास अडकतो. माणूस गुणगुणतोय की तार थरथरतेय, कळत नाही.

आणि पुढं... काहीच नाही.

आनंदराज म्हणायचा, हे संगीत ज्यानं बांधलं तो लई पोचलेला माणूस. अख्खी मालिका त्यानं त्या रिकाम्या जागेवर उभी केलीय. चौथा सूर तो क्वचितच सोडतो. जहाजावरचं कुणी परत येणार नसेल, तेव्हाच. गोष्टीतल्या माणसांना ते ठाऊक नसतं. सुराला असतं.

टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून त्यानं ते सूर भरून ठेवले होते. मधूनच आईची जेवायची हाक, विशाखाचं हसणं. बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी बायकांनी पाळणा म्हटला, तेव्हा मामानंही तीन सूर गुणगुणले. बायका हसल्या. पुढचं म्हण की, म्हणाल्या.

"पुढचं म्हणायचं नसतंय," तो म्हणाला.

भाच्यासाठी तेही त्यानं टेपवर भरलं. शिवांश ते ऐकूनच झोपायचा.

हिवाळ्यात लातूरहून येताना आनंदराजची मोटारसायकल घसरली. तो गेला.

राहिला तो टेप.

मे महिन्यात विशाखा बाळाला लस देऊन घरी आली, तर टेपची फळी रिकामी. कॅसेटींचा डबाही नाही. स्वयंपाकघरात मात्र एक नवंकोरं स्टीलचं पातेलं चमकत होतं. सरजाबाई लसूण सोलत बसली होती.

"आत्या, टेप कुठंय?"

"भांडेवाली आली होती. दोन जुनी लुगडी अन् ते सगळं देऊन टाकलं. पातेलं बघ, कसलं जाड हाय."

विशाखाला वाटलं, ते पातेलं उचलावं आणि भिंतीवर आदळावं.

"तुमच्या पोराचा आवाज असता त्यात, तर दिला असता?"

"माझं पोरगं जित्तं हाय, बाई. मेलेल्याचा आवाज घरात ठिवत नसतेत. लेकराला ओढतेत ती."

विशाखा बाळाला घेऊन गल्ल्या फिरली. भांडेवाली सापडली नाही. त्या दिवसापासून तिनं सासूशी बोलणं टाकलं. भाकरी ताटात वाढायची नाही, आदळायची. त्या पातेल्यात तिनं साधं पाणीसुद्धा तापवलं नाही.

मग एका दुपारी लाइट गेली.

बाळ रडून रडून लाल झालेलं. सासू ओसरीवर आडवी. आणि स्वयंपाकघरातून...

एक सूर. विहिरीत बादली टेकावी तसा.

दुसरा.

तिसरा... लांब.

बाळ रडायचं थांबलं.

विशाखा उठली. मांडणीवर पातेलं होतं, रिकामं. तिनं हात लावला. बाहेर ऊन भाजत होतं आणि ते स्टील माठासारखं गार. तळहाताला थरथर लागत होती. मग आतून कुणीतरी... श्वास ओढला.

तो श्वास तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तिनं त्याच्या कॅसेटवर चुकून भजनं भरली होती, तेव्हा चिडून आनंदराजनं असाच श्वास ओढला होता.

तिला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

चीड, ती मनात म्हणाली. माझ्याही वाटचं चीड.

मग लाइट गेली की तेच. तीन सूर आणि तो चिडका श्वास. बाळ निवांत झोपायचं. एकदा मात्र सरजाबाई उरलेल्या पाण्याचा तांब्या ठेवायला आत आली आणि चौकटीतच थिजली. तिसरा सूर संपेपर्यंत तिच्या हातातला तांब्या सांडत राहिला.

"हे मी नदीत सोडून येते," ती म्हणाली.

"जावा की. तुम्ही घेतलं, तुम्हीच सोडा."

ऊन उतरू द्या, एवढं विशाखानं म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही. रागानं ते बाहेर पडू दिलं नाही.

पातेलं पदराखाली घेऊन सरजाबाई गोदावरीकडं निघाली.

घर गप्प झालं. चटईवर बसलेलं बाळ मांडणीवरच्या रिकाम्या जागेकडं बघत होतं. बघता बघता त्याचे ओठ मिटले आणि ते... गुणगुणायला लागलं.

एक. दोन.

तीन... लांब. एवढ्याशा छातीत एवढा श्वास कुठून आला?

मग त्यानं श्वास ओढला.

विशाखानं झडप घालून त्याचं तोंड दाबलं. तळव्याखाली ते चिमुकलं, ऊबदार, दुधाच्या वासाचं तोंड. तरीही... तळव्याला गुदगुल्या करत चौथा सूर बाहेर आला. शांत. पूर्ण.

बाळाला छातीशी घेऊन ती अनवाणी धावत सुटली.

आणि रस्त्याच्या वळणावर सरजाबाई येताना दिसली. धडधाकट. रिकाम्या हातानं. विशाखा तिथंच रस्त्यावर रडली.

पण दिवसभर मुखेडच्या गोष्टी सांगणारी ती बाई त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. लसूण तसाच पडून राहतो. बाळ आता टेपशिवाय झोपतं, फक्त आजीच्या मांडीवर.

रविवारी दुपारी टीव्हीवर तीच मालिका लागली होती. सरजाबाई समोर मांडी घालून बसली होती, डोळे मिटून. विशाखानं सगळा राग गिळून, टेप गेल्यापासून पहिल्यांदा, हाक मारली. आत्या, नदीवर काय झालं?

डोळे न उघडता ती म्हणाली...

"ताई, तारे बघू नको. ऐक."

टेपवर ऐकलं असेल कधी, नवरा म्हणतो. असेलही.

लाइट गेली की विशाखा आता बाळाला उचलून अंगणात उन्हात उभी राहते. राग अजून गेलेला नाही. पण ज्या बाईवर तो आहे, ती नदीवरून परत आली का, हेच तिला कळत नाही.