अंबिकाला न आवडलेली प्रेमं

स्वतःचाच आवाज दुसऱ्याच्या दारात ऐकू येणं ही काही रोजची गोष्ट नाही. उदगीरच्या त्या लहानशा डाळ मिलसमोर अंबिका ऑटोतून तुरीचं पोतं उतरवून घेत होती, आणि पत्र्याच्या शेडमधून तीच बोलत होती.

"...आता मला सांग मावशी, साडेसातच्या मालिकेतल्या सुनंला सासूनं भर दुपारी घराबाहेर हाकललं. एवढ्या घाईत हाकललं, तरी साडीला शोभल अशी पर्स कुठनं घावली गं हिला? आन् ती सासू! तीन दिवस झाले, दाराआड उभं राहून ऐकूनच राहिली. बसायला एक खुर्ची तरी द्या म्हणावं बाईला..."

शेडमध्ये दहा-बारा बाया पुढ्यात सुपं घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या. मोबाईल खिळ्याला टांगलेला. बायांना हसू आवरत नव्हतं. अंबिका मात्र दारातच खिळली.

झालं होतं असं. देवणीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या सिंधुमावशीच्या गावात संध्याकाळी नेमकी सातला लाईट जायची, ती दहाला यायची. मावशीच्या सगळ्या मालिका बुडायच्या. म्हणून अंबिका रोज सकाळी कामावर जाण्याआधी आदल्या दिवशीच्या भागात काय झालं ते बोलून मोबाईलवर पाठवायची. गोष्ट थोडी आणि मत जास्त, असा तो मामला. ऐकणारी मावशी एकटीच, फार तर सोबत तिची नणंद, असा तिचा समज होता. नणंदेला बहिणी असतात आणि बहिणींना शेजारणी असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जरा थांबा, एवढं संपू द्या," आतून एक तरुण पुढं येत हळूच म्हणाला. "मधी बोललं की कोंडामावशी मला बी सोडत न्हाई. मालक असलो म्हणून काय झालं."

डाळीच्या धुळीनं त्याच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. त्या पुसाव्यात हे त्याच्या गावीही नव्हतं.

"संपलंय ते," अंबिका म्हणाली. "पुढं नुसतं 'ठेवते' एवढंच हाय."

"बरं मावशी, ठेवते," मोबाईल म्हणाला आणि गप्प झाला.

सगळ्या शेडमधली सुपं थांबली. सगळ्यात म्हातारी कोंडाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तिनं अंबिकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आगं बया... ह्याच त्या! मला वाटलं कुणीतरी म्हातारी बाई असंल. एवढी तिखट जीभ न् एवढीशी पोरगी?"

मालकानं, म्हणजे अमरनाथनं, पोतं काट्यावर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. दोन्ही वेळा आकडा बघायला विसरला.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला: 'डाळ तयार आहे.' पाठोपाठ दुसरा: 'आठच्या मालिकेतली ती वकीलबाई खरंच आंधळी आहे का?'

'टीआरपी घसरेपर्यंत आंधळी. मग दिसेल.' अंबिकानं उत्तर दिलं आणि आपण हसतो आहोत हे तिला नंतर कळलं.

अंबिका दवाखान्याच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. सव्वीस वर्षांची, शांत हाताची. सुई टोचताना माणूस तोंड फिरवतो आणि ती त्याच्या दंडाकडे बघत राहते, ह्या कामानं तिला एक सवय लागली होती. कुणी कळवळलं, कुणी रडलं, तरी आपण जरा लांब उभं राहून बघायचं. मालिकाही ती अशाच बघायची.

त्या लॅबमध्ये पंधरा दिवसांत अमरनाथ तीनदा आला. एकदा साखर तपासायला, एकदा हिमोग्लोबिन, तिसऱ्यांदा कागदावर 'थायरॉईड' लिहून.

"हे कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलं?"

"मीच लिहिलं. अक्षर बगा की, वाचता येतंय."

"दुखतंय का कुठं?"

"दुखत न्हाई... पण तुमाला इचारायचं होतं. काल मी खरंच बसून बघितली साडेसातची."

"मग?"

"ती सून तुमच्या सांगण्यात लई हुशार वाटती. टीव्हीवर नुसती रडून राहिली." तो सुईकडे बघायचं टाळून तिच्याकडे बघत होता. "मी तर म्हणतो, तुमीच खरी मालिका सांगून राहिल्यात. ते लोक उगं तुमची नक्कल करतेत."

अंबिकाचा हात कधी हलत नसे. तो हलला नाही, पण दंडाला कापूस लावताना तिनं गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"प्रेमाचा एक तरी पिक्चर पटला का तुमाला कवा?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

"रविवारी दुपारी टीव्हीपुरते काढलेले पिक्चर दावतेत बगा. शहरातली पोरगी बापाचं रान विकायला गावाकडं येती. रानात पोरगा, अंगात पांढराफेक सदरा. दिवसभर नांगरून राहिला, पण सदऱ्याला डाग न्हाई न् पायाला माती न्हाई. असल्या माणसाला आपल्याकडं कुणी बटईनं बी रान देणार न्हाई. आन् मनातलं बोलायची येळ आली की पाऊस! भर मे महिन्यात. बोलता येत न्हाई म्हणून पाऊस आणायचा."

"हाव... ते बी खरंच. पण समजा चिठ्ठी लिहिली तर?"

"चिठ्ठी कायम दुसऱ्याच्याच हाती लागती."

"मैतराकरवी सांगितलं?"

"मग मैतरासंगंच लगीन कर म्हणावं."

"देवळात... आरती झाल्यावर?"

"देवाला मधी कामून घेतेत? त्याला त्याची कामं न्हाईत का?"

अमरनाथनं एकेक उत्तर मुकाट्यानं ऐकून घेतलं, कापूस काढून बघितला, नसलेलं रक्त पुसलं आणि गेला. अंबिकाला वाटलं, माणसाला पिक्चरची बरीच आवड दिसते. साडेसातच्या सासूच्या मनातलं तीन भाग आधी ओळखणारी ही बाई... समोर बसलेल्या माणसाच्या मनातलं तिला एक अक्षर वाचता आलं नाही.

पण तिचं स्वतःचं काहीतरी होऊ लागलं होतं. लॅबचं काचेचं दार ढकललं गेलं की ती मान वर करायची. दारात पिवळ्या भुवया नसल्या की तिचा चेहरा उतरायचा. सकाळी मावशीसाठी बोलायला बसायची, तेव्हा मावशीला अजिबात हसू येणार नाही असे टोमणे ती मुद्दाम घालायची, कारण शेडमध्ये दुसरं कुणीतरी हसेल हे तिला ठाऊक असायचं. तो तिला आवडायला लागला होता. ह्याला दुसरं नाव नाही.

आणि मग बुधवारी अप्पांनी जेवताना सांगितलं. अंबिकाचे वडील मन्मथअप्पा, बाजारात भांड्यांचं दुकान, गावात शब्दाला मान. लातूरचं स्थळ होतं, मुलगा पुण्यात इंजिनियर. रविवारी पाहुणे येणार. दोन्हीकडून पसंती झाली, तर तिथल्या तिथं सुपारी फोडून घेऊ. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. मग मागं फिरणं नाही.

"तुझ्या मनात काही असंल तर आताच सांग," अप्पा म्हणाले.

मनात होतं. पण ज्यानं एक शब्द बोललेला नाही त्याच्या जिवावर बापाला काय सांगणार? ती गप्प बसली. अप्पांनी ते हो समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अमरनाथ लॅबमध्ये आला, ह्या वेळी व्हिटॅमिनचं निमित्त घेऊन. तिनं दंडाला पट्टी बांधता बांधता सांगून टाकलं. लातूर, पुणे, रविवार, सुपारी. सांगताना तिचा आवाज अगदी कोरडा होता, सकाळी बोलायची तसाच.

 अमरनाथनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक रिक्षा उभी होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"चांगलंय," तो शेवटी म्हणाला. "पुण्यात लाईट जात न्हाई म्हणतेत."

एवढंच. व्हिटॅमिनचा रिपोर्ट न्यायलाही तो आला नाही.

अंबिकाला इतका राग आला की तो कुणावर काढावा हे कळेना. शुक्रवारी सकाळी मावशीसाठी बोलायला बसली, तर एक वाक्य जुळेना. साडेसातची सून आदल्या संध्याकाळी खिडकीत बसून रडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा अंबिकाला तिच्याविषयी काही वाईट बोलवेना. तिनं काही पाठवलंच नाही.

दुपारी लॅबच्या दारात कोंडाबाई उभी.

"आज आवाज कामून आला न्हाई?"

"तब्येत बरी न्हाई, मावशी."

"तब्येत तर आमच्या मालकाची बी बरी न्हाई. कालपासून तूर एका पोत्यातली दुसऱ्यात भरून राहिलेत." कोंडाबाई न सांगता स्टुलावर बसली. "ताई, मी शिकलेली न्हाई, पण उन्हाळे-पावसाळे लई बघितलेत. तुमी त्या पोराला बोलायला वाटच कुठं ठेवली? चिठ्ठी लिहावं म्हणला, तुमी हसल्या. देवळात सांगावं म्हणला, तुमी हसल्या. रोज मिलात बसून मलाच इचारतो, मावशी, ताईंनी अजून कशाची टिंगल केली न्हाई? मी म्हणलं, बाबा, मरणाची तेवढी राहिली."

कोंडाबाईनं पदर सावरला.

"आन् मैतराकरवी तर न्हाईच, असं बी तुमीच म्हणल्या. म्हणून मी सांगते, मी काई मैतर न्हाई. मजूर हाय. मला कुणी धाडलं बी न्हाई." एवढं बोलून कोंडाबाई उठली आणि निघून गेली.

अंबिकाला लाज वाटली. तशी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती. ती दुसऱ्यांच्या प्रेमाला हसायची, कारण तिला स्वतःला ते वेडंवाकडं, रडकं, खोटं बोलणंसुद्धा कधी कुणी ऐकवलं नव्हतं. पडद्यावर ते रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला यायचं, तिच्या वाट्याला मात्र कधीच नाही. आणि ज्यानं ऐकवलं असतं त्याचंही तोंड तिनं हसून हसून बंद करून टाकलं होतं.

शनिवारी अर्धा दिवस. लॅबला कुलूप लावून ती थेट मिलवर गेली. मशीन सुरू होती. तुरीचा घास, म्हणजे एका वेळचा माल, नुकताच ओतलेला, पत्रे थरथरत होते, पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. अमरनाथ मशीनपाशी उभा होता. तिला बघून तो काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. ती काही बोलली, तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

"मशीन बंद करा!" ती ओरडली.

भरल्या घासावर मशीन बंद केली की तूर आत अडकून बसते. मग सगळं उघडायचं, हातानं दाणे काढायचे, दिवस त्यातच जातो. शेडमधल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं आणि अमरनाथला तर सगळ्यात जास्त. त्यानं 'कामून' असं विचारलं नाही. हात लांब करून बटण दाबलं.

एकदम शांतता झाली.

"उद्या लातूरचे पाहुणे येणार हायत," अंबिका म्हणाली. "अप्पांनी सुपारी आणून ठेवली. तुमचं काय म्हणणं हाय?"

"तुमी हसाल."

"हसंन. तरी सांगा."

अमरनाथनं शेडकडे बघितलं. बाया सुपात डोकं घालून डाळ निवडण्याचं सोंग करत होत्या. त्यानं कपाळ पुसलं, धूळ आणखीच पसरली.

"मला... मला बोलता येत न्हाई तुमच्यासारखं. तुमी बोलल्या की आख्खा दिवस बरा जातो, एवढंच मालूम हाय. फोनमधून बोलल्या तरी. समोर बोलल्या तर... मंग काय जाईल ते मला सांगता येईना." तो थांबला. "लई वाईट झालं का?"

वाईट झालं होतं. वाक्याला शेंडा नव्हता, बुडखा नव्हता. अंबिकानं पर्समधून मोबाईल काढला आणि वडलांचा नंबर लावला.

"अप्पा, लातूरच्यांना येऊ नका म्हणून कळवा."

पलीकडचा आवाज शेडमधल्या पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. लोकांना काय तोंड दाखवू, बुधवारी का बोलली नाहीस, शब्द दिलाय मी...

"सुपारी अजून फुटली न्हाई, अप्पा. बुधवारीच बोलायला पायजे होतं, चुकलं माझं. आज बोलून राहिले. मला दुसरीकडं करायचंय."

 मग अप्पांनी बारीक आवाजात विचारलं, "पोरगा कोण?"

अंबिकानं मोबाईल अमरनाथपुढं धरला. त्यानं हात सदऱ्याला पुसले, तो घेतला, आणि ज्या माणसाला पंधरवडाभर एक वाक्य जमलं नव्हतं तो सरळ बोलू लागला.

"नमस्कार अप्पा. मी अमरनाथ, गुरुपादप्पांचा थोरला. डाळ मिल हाय आमची, तुमची तूर इथंच भरडली. मला अंबिकासंगं लगीन करायचंय. तिला बी करायचंय. उद्या तुमच्याकडं पाहुणे येणारच होते, तर आमी येतो, मी न् माझे वडील. तुमी न्हाई म्हणलात तरी चहा पिऊन मग जाऊ."

 अमरनाथ मान खाली घालून ऐकत राहिला. "हाव," तो म्हणाला. "हाव... अकराला. बरं." आणि मोबाईल त्यानं जपून परत केला.

"या म्हणले," तो म्हणाला. मग जरा भीत भीतच: "तुमी हसल्या न्हाई."

ह्यावर काहीतरी चांगलं, खमंग उत्तर द्यावं म्हणून अंबिकानं तोंड उघडलं. बारा बाया कान देऊन बसल्या होत्या. गावोगावच्या मोबाईलमध्ये रोज वाजणारा तिचा आवाज त्या वेळी काही केल्या फुटेना. तिनं डोळे पुसले आणि नुसतीच मान हलवली.